चिपखाली काच येणार म्हणतात. मग वाळू पुरेल का?

धुळाक्षर

नमस्कार मंडळी,

गेल्या काही महिन्यांत दोन बातम्या एकमेकींना चिकटवून सगळीकडे फिरत आहेत. पहिली अशी की संगणकाच्या चिप्स आता काचेच्या पाटीवर बसवणार. इंटेलने सप्टेंबर २०२३ मध्ये तसं जाहीर केलं आणि कोरियातल्या, जपानमधल्या कंपन्याही त्याच मागे आहेत. दुसरी अशी की जगातली वाळू संपत चालली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२२ च्या अहवालात सांगितलं की माणूस दर वर्षी सुमारे ५,००० कोटी टन वाळू आणि खडी वापरतो. दोन्ही बातम्या खऱ्या आहेत. पण त्या जोडून जो निष्कर्ष काढला जातो, की चिपचं सिलिकॉन आणि काच दोन्ही वाळूतून येतात, म्हणून वाळूच्या टंचाईमुळे चिप्स थांबतील, तो मला पटत नाही.

माझं गाव भीमेच्या काठचं. पात्रातून वाळू उपसली की काठ कसे ढासळतात, विहिरी कशा खाली जातात, हे आमच्या भागात शाळकरी पोरालाही माहीत आहे. म्हणून हा गोंधळ मला निव्वळ तांत्रिक वाटत नाही. वाळूचा दोष चिपवर ढकलला की नदीतली वाळू खरी कुठे जाते हा प्रश्न मागे पडतो, आणि चिपवाल्यांचा खरा काटा कुठे रुतलाय तेही कळत नाही.

आधी हिशोब. सेमी या उद्योग संघटनेच्या आकड्यांनुसार २०२४ मध्ये जगभर साधारण १,२२७ कोटी चौरस इंच सिलिकॉन वेफर, म्हणजे ज्यांच्यावर चिप्स घडवतात त्या पातळ चकत्या, विकले गेले. सर्वांत मोठ्या, ३०० मिलिमीटरच्या वेफरची जाडी ०.७७५ मिलिमीटर असते. सगळे वेफर तेवढेच जाड धरले तरी एकूण वजन भरतं १४ हजार टनांच्या आसपास. तेवढं सिलिकॉन काढायला शुद्ध गारगोटी लागेल ३० हजार टन, म्हणजे आपल्या मापात सात हजार ब्रास. कापताना, घासताना, शुद्ध करताना जे वाया जातं ते धरून पाचपट करा: ३५ हजार ब्रास. सगळ्या जगाच्या एका वर्षाच्या चिप्स! एखाद्या मोठ्या जिल्ह्यातले वाळूघाट एका लिलावात याहून जास्त देतात. सौर पॅनेलना यापेक्षा कितीतरी पट जास्त सिलिकॉन लागतं, तरी तेही बांधकामाच्या वाळूपुढे नगण्यच.

तेव्हा टनांचा प्रश्न नाही. मग प्रश्न कशाचा आहे? इथे भूशास्त्रवाले, भट्टीवर काम केलेले, चिप उद्योगातले लोक आहेत. त्यांनी लिहावं म्हणून धागा काढतोय.

कणाद

हिशोब बरोबर आहे. त्यात एक भर घालतो: चिपचं सिलिकॉन बहुतेक वेळा वाळूपासून बनतच नाही. विजेच्या भट्टीत गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्झचे, मुठीएवढे तुकडे लागतात. बारीक वाळू टाकली तर भट्टीतून वायू वर यायला वाट राहत नाही. गारगोटी, दगडी कोळसा, लोणारी कोळसा आणि लाकडाचे तुकडे एकत्र घालून सुमारे २,००० अंशांवर तापवतात. कोळशातला कार्बन ऑक्सिजन घेऊन जातो, खाली सिलिकॉन उरतं, शुद्धता ९८-९९ टक्के. हे ॲल्युमिनियमच्या ओतकामाला चालतं, चिपला नाही. मग ते हायड्रोजन क्लोराइडशी संयोग करून द्रवरूप करायचं, दारू गाळतात तसं पुन्हापुन्हा ऊर्ध्वपातन करायचं आणि त्याच्या वाफेतून तापलेल्या सळ्यांवर परत घन सिलिकॉन जमवायचं. चिपच्या दर्जाला दशांश चिन्हाच्या पुढेमागे मिळून अकरा नवांची शुद्धता लागते. हे करू शकणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या: जर्मनीची वाकर, अमेरिकेची हेमलॉक, जपानची तोकुयामा वगैरे.

आणि भीमेच्या वाळूबद्दल. आपल्या देशावरच्या नद्या बेसाल्टवरून वाहतात. त्यांच्या वाळूत काळ्या खडकाचे कण जास्त, शुद्ध सिलिका कमी, लोह भरपूर. कृष्णा, भीमा, गोदावरीच्या वरच्या टप्प्यातल्या वाळूची धड बाटलीसुद्धा होणार नाही, चिप फार दूर राहिली. नागपूरकडे कन्हान-वैनगंगेची वाळू पांढरट दिसते कारण तिकडचे खडक वेगळे आहेत. दक्षिण कोकणातही बेसाल्ट संपतो आणि जुने वालुकाश्म वर येतात. काचेची वाळू तिथली.

भट्टीवाला

कणादसाहेब, अगदी बरोबर. मी कोल्हापुरात फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, आयुष्य काढलं. आमच्या साच्यांना लागणारी सिलिका वाळू कोकणातूनच येते, कणकवली तालुक्यातल्या कासार्डे भागाचं नाव आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक. वाळू म्हटलं की सगळे एकच समजतात, पण आम्ही गाडी उतरवायच्या आधी बघायचो: कण किती गोल, माती किती, ओल किती, चाळणीवर कुठे किती राहते. दोन गाड्या एकाच खाणीच्या असल्या तरी वागायच्या वेगळ्या. माती थोडी जास्त आली की कास्टिंगला फुगे आणि सगळा लॉट भंगारात. लोखंडाच्या ओतकामाला एवढं बघावं लागतं, तर चिपवाल्यांचं काय असेल याचा अंदाज मला येतो.

प्रश्न असा: सिलिकॉन एवढं शुद्ध केल्यावर ते वितळवतात कशात? आमच्याकडे ग्रॅफाइटची मूस किंवा भट्टीला रॅमिंगचं अस्तर असतं. तिथे मुशीतूनच घाण आत शिरेल ना?

धुळाक्षर

भट्टीवालेकाका, तुम्ही नेमकं मर्मावर बोट ठेवलंत. तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच अमेरिकेतलं स्प्रूस पाइन हे गाव.

सिलिकॉन १,४१४ अंशांना वितळतं आणि वितळलेलं सिलिकॉन जवळजवळ प्रत्येक पदार्थाला खातं. त्यातल्या त्यात चालते ती क्वार्ट्झ काचेची मूस, कारण तिच्यातून सुटणारा ऑक्सिजन काही प्रमाणात परवडतो. पण मुशीत लोह, सोडियम, लिथियम, बोरॉन असेल तर तेही द्रवात उतरणार. म्हणून मुशीचं क्वार्ट्झच अतिशुद्ध हवं. फिरत्या साच्यात क्वार्ट्झचे कण भरून आतून विजेच्या ठिणगीने ते वितळवतात. आतला थर पारदर्शक आणि बुडबुडे नसलेला, बाहेरचा थर बुडबुड्यांनी पांढुरका. अशा मुशीत सिलिकॉन वितळवून, बारीक बीजस्फटिक टेकवून, फिरवत फिरवत हळूहळू वर ओढायचं. यान चोक्राल्स्की या पोलिश शास्त्रज्ञाला ही पद्धत १९१६ साली सापडली. वर येतो तो एकसंध स्फटिकाचा दंडगोल, मग त्याचे वेफर कापतात. चिपच्या कामात वापरलेली मूस थंड झाली की तडकते, दुसऱ्यांदा उपयोगी पडत नाही. म्हणजे ही मागणी कधी थांबत नाही.

आता हे क्वार्ट्झ येतं कुठून? मोठा वाटा अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या स्प्रूस पाइन या डोंगरातल्या लहानशा गावाजवळच्या खाणींतून. वस्ती दोन हजारांच्या आसपास. बेल्जियमची सिबेल्को आणि द क्वार्ट्झ कॉर्प अशा दोन कंपन्या तिथे आहेत. दुसरी आपला माल नॉर्वेत नेऊन पुढचं शुद्धीकरण करते.

शुभ्रा

धुळाक्षर, पण गारगोटी तर जगात कुठेही मिळते. आमच्या नाशिककडे माळावर फिरलं तरी पांढरे खडे दिसतात. मग एकाच गावावर एवढं अवलंबून का? दुसरीकडचं क्वार्ट्झ जास्त धुऊन, जास्त आम्ल वापरून शुद्ध नाही का करता येत?

कणाद

शुभ्राताई, याचं उत्तर दगडाच्या जन्मात आहे.

क्वार्ट्झमध्ये मळ तीन ठिकाणी असतो. एक कणाच्या बाहेर चिकटलेला. तो घासून, फेस करून, चुंबकाने, आम्लाने निघतो. दुसरा कणाच्या आत अडकलेला, पाण्याचे आणि वायूचे सूक्ष्म थेंब. मूस बनवताना त्यांचेच बुडबुडे होतात, आणि ते सिलिकॉनच्या उष्णतेत फुगून फुटतात. तिसरा मळ सर्वांत वाईट. क्वार्ट्झच्या स्फटिकात जिथे सिलिकॉनचा अणू असायला हवा, तिथे ॲल्युमिनियम किंवा टायटॅनियम बसलेलं असतं आणि शेजारी तोल सांभाळायला लिथियम. ही रचना स्फटिक वाढतानाच झालेली असते. कितीही आम्लात बुडवा, स्फटिक मोडल्याशिवाय ती निघत नाही.

स्प्रूस पाइनचा खडक सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली खोलवर तयार झाला. आफ्रिका आणि उत्तर अमेरिका एकमेकांवर रेटत होते त्या काळात. तिथला खडक वितळून शिलारस झाला तेव्हा त्यात पाणी फार कमी होतं. मग तो अतिशय हळू थंड झाला. पाणी नाही म्हणजे थेंब अडकले नाहीत, आणि स्फटिकाच्या रचनेतला मळही फार कमी राहिला. असा योग सहसा जुळून येत नाही. तिथे शंभर वर्षांहून अधिक काळ अभ्रक आणि फेल्डस्पारसाठी खाणकाम चाललं होतं. क्वार्ट्झ त्यातलं टाकाऊ समजलं जाई. १९३० च्या दशकात कॉर्निंग या अमेरिकन काच कंपनीने कॅलिफोर्नियातल्या पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीच्या आरशासाठी तिथली सिलिका वापरली, आणि पुढे अर्धवाहकांच्या काळात तिचं मोल एकदम वाढलं.

सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन चक्रीवादळ आलं, तेव्हा स्प्रूस पाइनला काही दिवसांत दोन फुटांहून जास्त पाऊस झाला. नदी फुगली, रस्ते तुटले, रेल्वेमार्ग वाहून गेला. दोन्ही कंपन्यांनी २६ सप्टेंबरला काम थांबवलं. जगभरच्या चिप कंपन्यांचे खरेदी विभाग नकाशात हे गाव शोधत होते. सिबेल्कोने ऑक्टोबरच्या मध्याआधी पुन्हा काम सुरू केलं आणि मूस बनवणाऱ्यांकडे साठा होता म्हणून वेफर अडले नाहीत. मात्र खाणीत काम करणाऱ्या माणसांची घरं गेली होती, हे त्या बातम्यांत शेवटच्या ओळीत असे. मला ते फार लागलं.

२०२५ मध्ये चीनने उच्च शुद्धतेच्या क्वार्ट्झला स्वतंत्र खनिज म्हणून मान्यता दिली आणि स्वतःचे साठे सापडल्याचं जाहीर केलं. साठा सापडणं आणि त्यातून सतत एकाच दर्जाचा माल काढणं यात बरीच वर्षं जातात, पण ते कामाला लागलेत.

वाळवंटातला

धागा आवडला. मी ॲरिझोनात चिप पॅकेजिंगमध्ये काम करतो. कंपनीचं सोडून द्या, सार्वजनिक माहितीइतकंच लिहितो. काचेच्या पाटीचा भाग मी सांगतो.

चिप थेट मदरबोर्डवर बसत नाही. मध्ये एक सबस्ट्रेट असतो. चिपच्या पोटाखालची हजारो सूक्ष्म टोकं तो पसरवून बोर्डाच्या जाड टोकांशी जोडतो. आजवर हा सबस्ट्रेट म्हणजे काचतंतूचं कापड आणि राळ यांचा गाभा, आणि वर-खाली एका खास फिल्मचे थर. ती फिल्म बनवणारी कंपनी जपानची अजिनोमोतो, तीच जिची मसाल्याची पावडर चायनीजच्या गाड्यांवर असते.

एआयच्या चिप्समुळे आता एका सबस्ट्रेटवर अनेक चिप्सचे तुकडे शेजारीशेजारी बसवतात. पाटी मोठी झाली. तापली की राळेचा गाभा सिलिकॉनपेक्षा खूप जास्त पसरतो, आणि पाटी उन्हातल्या पापडासारखी कडेने उचलली जाते. तेवढ्याने सूक्ष्म जोड तुटतात. काचेचं मिश्रण बदलून तिचं प्रसरण सिलिकॉनच्या जवळ आणता येतं. ती सपाट राहते, त्यामुळे तिच्यावर अधिक बारीक रेषा छापता येतात, आणि विजेचे वेगवान संकेत तिच्यात कमी विरतात. काचेतून आरपार जोडण्या दहापट दाट करता येतील असं इंटेलचं म्हणणं आहे.

अडचणी मात्र खऱ्या आहेत. काचेला हजारो भोकं पाडायची, प्रत्येक केसापेक्षा बारीक. लेझरने काचेत रेष उमटवतात, मग हायड्रोफ्लोरिक आम्लात बुडवल्यावर तेवढाच भाग विरघळून भोक होतं. मग त्यात तांबं भरायचं. तांबं काचेला सहज धरत नाही आणि काचेपेक्षा जास्त पसरतं. सगळ्यात मोठी भीती कडांची. मोठी पाटी कापून तुकडे करताना कडेला सूक्ष्म चीर पडते, ती त्या दिवशी दिसत नाही आणि तापणं-निवणं चालू झालं की आत सरकत जाते. शेवटच्या टप्प्यावर तडकलेली पाटी म्हणजे तिच्यावर बसवलेल्या महागड्या चिप्सही गेल्या. आमचा दिवस या कडांमध्ये जातो. वाळूचा विषय माझ्या कानावर कामाच्या ठिकाणी कधीच आलेला नाही.

धुळाक्षर

वाळवंटातला, मनापासून धन्यवाद. तुम्ही पाट्यांचा विषय काढलात म्हणून आणखी एक हिशोब करून बघितला. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२५ मध्ये ओडिशात भुवनेश्वरजवळ थ्रीडी ग्लास सोल्यूशन्स या अमेरिकन कंपनीच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. जाहीर झालेली क्षमता वर्षाला ६९,६०० काचेचे पॅनेल. या उद्योगातला एक रूढ पॅनेल ५१० × ५१५ मिलिमीटरचा असतो. तोच आकार धरला आणि जाडी ०.८ मिलिमीटर धरली, तर एका पॅनेलचं वजन अर्धा किलो. सगळे पॅनेल मिळून ३६-३७ टन. दोन-तीन हायवांत मावेल एवढी काच! तिच्यातली सिलिका आणखी कमी, कारण अशा काचेत ॲल्युमिना आणि बोरॉनचाही मोठा वाटा असतो.

आमच्या नदीतून एका रात्रीत याच्या अनेक पट वाळू जाते. ती चिपसाठी जात नाही, स्लॅबसाठी जाते.

शुभ्रा

हा आकडा वाचून थांबले. घरच्यांना वाचून दाखवला.

पण मग काचेची टंचाई असल्याच्या बातम्या येतात त्या कसल्या?

वाळवंटातला

ती टंचाई खरी आहे, पण काचेच्या कापडाची. आजच्या सबस्ट्रेटच्या गाभ्यात जे काचतंतूचं कापड असतं, त्यातला कमी प्रसरणाचा प्रकार टी-ग्लास म्हणून ओळखला जातो. त्यात जपानच्या नित्तोबो कंपनीचं वर्चस्व आहे. ही मुळात सूतगिरणी, १९२३ साली सुरू झालेली. २०२५ मध्ये एआय सर्व्हरची मागणी इतकी वाढली की हे कापड मिळेना, आणि सबस्ट्रेटवाले रांगेत उभे राहिले. सिलिका, ॲल्युमिना सगळं उपलब्ध होतं. कमी होत्या त्या भट्ट्या, आणि प्लॅटिनमच्या जाळीतून काच ओढून केसाच्या कित्येक पट बारीक तंतू एकसारखा काढणारे हात. नवी भट्टी उभी करायला वेळ लागतो, आणि ती उभी राहिल्यावर तिच्यातून एकही बुडबुडा नसलेला तंतू निघायला आणखी वेळ लागतो. पोकळ तंतू एक जरी कापडात गेला तरी पुढे त्यात ओल शिरून शॉर्ट होऊ शकतो.

खाडीपलीकडे

सगळं वाचलं. माहिती उत्तम आहे, पण माझी एक हरकत नोंदवते. मी सिंधुदुर्गातली. 'चिपला वाळू थोडीच लागते' हे ऐकून कोणी असं समजू नये की सिलिकाचा उद्योग निरुपद्रवी आहे. आमच्याकडे सिलिका वाळू खोदतात, धुतात, आणि धुतलेलं गढूळ पाणी ओढ्यात येतं. डंपरच्या रस्त्याला उन्हाळ्यात झाडाची पानं पांढरी दिसतात. ही वाळू बाटल्यांना, खिडक्यांना, फौंड्रीला जाते, हे मान्य. पण ती उपसणारी माणसं आणि तिची धूळ घेणारी फुप्फुसं खरी आहेत.

गुजरातमधल्या गोध्राच्या क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांचं प्रकरण कितीजणांना आठवतंय? मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलीराजपूर भागातले आदिवासी मजूर तिथे पांढरी पूड दळायला जात. ती पूड काच उद्योगाला लागते. सिलिकोसिसने, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराने, माणसं एकामागून एक गेली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृत मजुरांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यायचा आदेश गुजरात सरकारला दिला. या आजारावर औषध नाही. ओल्या पद्धतीने दळणं, बंदिस्त यंत्रं, धूळ ओढून घेणारे पंखे, एवढं केलं तर तो टळतो. अतिशुद्ध क्वार्ट्झचा उद्योग उद्या भारतात आला तर या तीन गोष्टी पहिल्या पानावर हव्यात.

भट्टीवाला

ताई, शंभर टक्के सहमत. फेटलिंगच्या, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायच्या, खात्यात काम करणारे आमचे जुने सोबती खोकून खोकून गेले. त्या काळी तोंडाला रुमाल बांधायचा एवढीच काळजी. टीबी समजून वर्षानुवर्षं गोळ्या खाल्ल्या त्यांनी. छातीचा एक्स-रे बघणाऱ्या डॉक्टरने कामाचं ठिकाण विचारलं असतं तर लवकर कळलं असतं.

धुळाक्षर

खाडीपलीकडेताई, तुमची हरकत रास्त आहे आणि धाग्यात ती असायलाच हवी होती. मूळ लेखात मी टनांवर इतका भर दिला की माणूस मागे राहिला.

बांधकामाच्या वाळूबद्दलही थोडं. २०२३ मध्ये राज्याने ६०० रुपये ब्रासने डेपोतून वाळू द्यायचं धोरण आणलं. २०२५ मध्ये कृत्रिम वाळूचं धोरण आलं, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू सरकारी कामांत वापरायची. नदीसाठी मला हे दुसरं जास्त आशादायक वाटतं. बेसाल्ट आपल्याकडे अमाप आहे आणि काँक्रीटला तो चालतो. पण क्रशरच्या धुळीचा प्रश्न तिथेही येणार, आणि टेकड्या कुठल्या फोडायच्या हे ग्रामसभेत ठरणार की परस्पर, यावर सगळं अवलंबून आहे. सिंगापूरने भराव टाकण्यासाठी शेजाऱ्यांची वाळू इतकी नेली की इंडोनेशियाने २००७ मध्ये आणि कंबोडियाने २०१७ मध्ये त्यांना निर्यात बंद केली. जगाच्या वाळूची भूक ही अशी आहे: भराव, रस्ते, इमारती.

तळेगावकर

थोडं इतिहासाचं. काच आणि महाराष्ट्र म्हटलं की आमचं तळेगाव दाभाडे आलंच. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर एकेक पैसा मागून पैसा फंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्याला बळ दिलं, आणि १९०८ मध्ये त्यातून तळेगावला काच कारखाना निघाला. जपान-अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय सुरुवातीला तिथे होते. त्या कारखान्याचा खरा उपयोग शाळेसारखा झाला. तिथे भट्टीवर शिकलेले कारागीर देशभर पसरले आणि त्यांनी ठिकठिकाणी काच कारखाने उभे केले. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीत ओगले बंधूंनी प्रभाकर कंदिलाची काच केली तीही त्याच पिढीची जिद्द.

२०२२ मध्ये चिपच्या मोठ्या कारखान्यासाठी याच तळेगावचं नाव चर्चेत होतं. तो वेदांता-फॉक्सकॉनचा प्रकल्प गुजरातकडे वळला, आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्यातून अंग काढून घेतलं. कारखाना कुठे गेला यावर आपण खूप भांडलो. काचेची भट्टी समजणारी माणसं आज आपल्याकडे किती आहेत, यावर कोणी बोललेलं माझ्या वाचनात नाही.

कणाद

तळेगावकरांनी छान आठवण करून दिली. याला जोडून एक गोष्ट. चिप छापण्याच्या यंत्रात जी सर्वांत शुद्ध काच असते ती कोणत्याच दगडापासून केलेली नसते. सिलिकॉन टेट्राक्लोराइड या द्रवाची वाफ ज्वाळेत सोडली की सिलिकाची काजळी तयार होते आणि ती वितळवून काच करतात. कॉर्निंगच्या जेम्स फ्रँकलिन हाइड यांनी १९३० च्या दशकात ही वाट काढली. फोटोमास्कच्या, म्हणजे चिपचा नकाशा कोरलेल्या साच्याच्या, पाट्या आणि १९३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाने छापणाऱ्या यंत्रांतली भिंगं अशाच काचेची. १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश वापरणाऱ्या नव्या यंत्रांत तर भिंगं चालतच नाहीत, कारण तो प्रकाश काच शोषून घेते. तिथे आरसेच लागतात, आणि मास्कची पाटी टायटॅनियम मिसळलेल्या, जवळपास न पसरणाऱ्या काचेची.

आणि हे रसायन आपल्याला परकं नाही. छत्रपती संभाजीनगरला स्टरलाइट टेक्नॉलॉजीज ऑप्टिकल फायबरसाठी काचेचे दंड याच पद्धतीने, वाफेतून, बनवते. फायबरची काच आणि फोटोमास्कची काच यांत बराच फरक आहे, पण वाफेतून काच जमवणारे अभियंते मराठवाड्यात आहेत ही मोठी जमेची बाजू आहे.

मधुमालती

मी बरेच दिवस नुसती वाचक आहे, पहिल्यांदाच लिहितेय. माझा भाचा बारावीला आहे, सोलापूरला. त्याला चिप्सच्या क्षेत्रात जायचंय आणि सगळे त्याला कॉम्प्युटर किंवा इलेक्ट्रॉनिक्सच घे म्हणतात. तुमचा धागा वाचून वाटलं की काच, स्फटिक, भट्टी या बाजूलाही जागा आहे. त्याने काय शिकावं?

वाळवंटातला

मधुमालतीताई, नक्की जागा आहे. आमच्या गटात इलेक्ट्रॉनिक्सवाले कमी आणि मटेरियल, मेटलर्जी, केमिकल, मेकॅनिकलवाले जास्त आहेत. भारतात बीएचयूच्या आयआयटीत सिरॅमिक इंजिनिअरिंग आहे, तिथला काचेचा अभ्यास फार जुना आहे. कोलकात्याला केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्था १९५० पासून आहे. परदेशातून मिळत नव्हती त्या काळात तिथे ऑप्टिकल काच तयार केली गेली. मटेरियल सायन्स किंवा मेटलर्जी अनेक ठिकाणी आहे, पुण्याच्या सीओईपीतही मेटलर्जीचा जुना विभाग आहे.

त्याला रसायनशास्त्रातला फेज डायग्रामचा, म्हणजे पदार्थ कधी घन, कधी द्रव असतो ते दाखवणाऱ्या आलेखाचा, धडा आवडतो का, ते आधी विचारा. आवडत असेल तर मला निरोप पाठवा, मी त्याच्याशी फोनवर बोलेन. आमच्याकडे रात्र असते तेव्हा तुमच्याकडे दिवस, शनिवार सोयीचा पडेल.

भट्टीवाला

आणि त्याला एकदा कोल्हापूरला पाठवा. शिरोलीच्या वसाहतीत ओळखीच्या फौंड्र्या आहेत, मी स्वतः घेऊन जाईन. भट्टी ओतताना उभं राहून बघितल्याशिवाय पुस्तकातली वितळण कळत नाही. बूट आणि चष्मा मी देतो. मास्क मात्र चांगल्या प्रतीचा आणायला सांगा.